घड्याळावर लावलेली गिटार

“डबी घड्याळावर असली ना पोरी, की मला जमेत धरू नकोस,” पा ऐग्बे तिला म्हणाले होते. “मी असो नसो, ती गात राहते.”

इसोकेन तेव्हा सामाईक स्वयंपाकघरात इफुएकोच्या दुधाच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून चिमट्यानं बाहेर काढत होती. कुठली बाटली किती वेळ पाण्यात होती याचा तिचा मनातल्या मनात जप चालला होता, आणि मध्ये कुणी बोललं की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मान वर न करता ती म्हणाली, “तुम्ही नसाल तर कोण गाईल, पा? भूत?”

“भुताला निदान ताल चुकवता येतो,” म्हातारा म्हणाला, आणि आपली मोई-मोईची, वाफवलेल्या चवळीच्या वड्यांची, बशी घेऊन पडवीतून पाय ओढत निघून गेला.

ती हसली. ही डिसेंबरातली गोष्ट. जानेवारी उजाडेपर्यंत ती विसरूनही गेली होती.

एकेनवान रोडच्या आतल्या गल्लीत, हिरव्या फाटकाच्या त्या घरात एका लांब पडवीला लागून सहा खोल्या होत्या. शेवटून दुसरी इसोकेनची आणि शेवटची पा ऐग्बेंची. मध्ये एका विटेची भिंत. नवरा नोसा पोर्ट हारकोर्टच्या पुढे, समुद्रातल्या तेलाच्या मचाणावर कामाला. चार आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. फोन लागला तर लागला. इसोकेन विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, त्यामुळे तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचीच भीती जास्त. आठ महिन्यांची इफुएको झोपली की ती दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरून बघे. श्वास बोटाला लागला की तेवढ्यापुरतं समाधान, मग पुन्हा दहा मिनिटांनी बोट. फाटकाशी अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळून विकणारी ममा पेशन्स तिला चिडवायची, “अगं, असं सारखं बोट लावून पोरीचं नाक चपटं करशील. मग कोण लग्न करेल तिच्याशी?”

अशा दिवसांत भिंतीपलीकडची गिटार तिला सोबत झाली होती.

पा ऐग्बे चौऱ्याहत्तर वर्षांचे. एके काळी शहरातल्या मोठ्या हॉटेलांत शनिवारी रात्री त्यांचा बँड वाजायचा, आणि गिटारीला बोलायला लावणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. तार छेडली की आवाज आधी ओठ मिटल्यासारखा यायचा, ऊ, आणि मग कुणी तोंड उघडावं तसा उघडायचा, वा. लोक नाचता नाचता थांबून बघायचे, की स्टेजवर गातंय कोण. कोणीच गात नसे. पा ऐग्बेंचा उजवा पाय एका पेडलवर असे, टाच दाबली की तोंड मिटे, चवडा दाबला की उघडे.

मग गुडघा गेला. पायानं जमेना. तेव्हा त्यांनी लागोसहून एक चपटी डबी मागवली. ही पायाची वाट बघत नसे. बोटानं तार हळू छेडली तर आवाज मिटलेलाच राही, जोरात छेडली तर उघडे. जसा हात, तसं तोंड. डबीवर दोन बाजूंना फिरणारा एक खटका होता. एका बाजूला त्यांनी चिकटपट्टीवर पेनानं लिहिलं होतं ‘हात’, दुसऱ्या बाजूला ‘घड्याळ’. घड्याळावर लावली की डबी हाताचं काही ऐकत नसे. ठरवून दिलेल्या वेगानं तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. तार कशीही छेडा.

“जोरात बोललं की उघडते, हळू बोललं की गप्प,” त्यांनी इसोकेनला पहिल्यांदा दाखवलं होतं तेव्हा ते म्हणाले होते. “माझ्या बायकोचं उलट होतं. मी हळू बोललो की तिचं तोंड उघडायचं.”

“आणि जोरात बोललात तर?”

“जोरात बोलायची छाती होती कुणाला?”

बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी ओमोसेदे इटलीत, तोरीनोला, म्हाताऱ्यांच्या एका वसतिगृहात कामाला. दुसऱ्यांच्या बापांना ती रोज अंघोळ घालते, आणि स्वतःच्या बापाला फोन करते.

ओमोसेदे आणि इसोकेनची भेट एकदाच झालेली, पण जाताना तिनं इसोकेनचे दोन्ही हात धरले होते. “रोज एकदा डोकावत जा गं बाई. दार उघडून फक्त बघायचं. बाकी काही नको.”

“अहो ताई, भिंतीला भिंत आहे,” इसोकेन म्हणाली होती. “मी नाही बघणार तर कोण?”

आणि पहिले कितीतरी महिने ती बघतही होती. सकाळी ओगीचा, मक्याच्या पेजेचा, वाडगा घेऊन जायची, इफुएकोला पाठीशी बांधून. इथल्या एदो लोकांच्या घरांत सकाळी लहानानं मोठ्याला आपल्या बापाच्या घराण्याचं अभिवादन करायचं असतं, प्रत्येक घराण्याचं वेगळं, आणि ते ऐकून मोठा माणूस आशीर्वाद देतो. इफुएकोला अजून बोलता येत नव्हतं. मग तिच्या वतीनं पा ऐग्बेच ते गिटारीवर वाजवायचे. डबी ‘हात’वर. तीन सूर, अगदी हलक्या बोटानं, मिटलेल्या ओठांचे, बाळाचे. आणि मग स्वतःच उत्तर द्यायचे, जोरात, उघड्या तोंडानं, वा! इफुएको दचकायची, मग खिदळायची, मग पुन्हा त्या उघड्या तोंडाची वाट बघत त्यांच्या हाताकडे टक लावून बसायची.

“हिला कळतं,” पा म्हणायचे. “कुठं जोर येणार ते हिला माझ्याआधी कळतं.”

पुढे पुढे इसोकेन आपल्या खोलीत असली तरी ते अभिवादन भिंतीतून ऐकू यायचं. सकाळी सातच्या सुमाराला. तीन मिटलेले सूर, एक उघडा. ऐकलं की तिला वाटायचं, चला, म्हातारा उठला. मग ओगीचा वाडगा तासाभरानं गेला तरी चालायचं. कधी कधी वाडगा दुपारी जायचा. कधी ममा पेशन्सच्या हाती.

ऑक्टोबरात पा ऐग्बेंच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. जोर येईना. ‘हात’वर डबी नुसती ऊ ऊ करत राहायची, तोंड उघडायचंच नाही. इफुएको वाट बघून बघून रडायला लागायची. एके दिवशी इसोकेननं खटका घड्याळाच्या बाजूला गेलेला पाहिला.

“आता अभिवादनही हिच्याच तालावर,” पा म्हणाले. “आधी पाय गेला, मग हात. हिला मात्र काही होत नाही.”

त्यांनी तिला आणखीही एक दाखवलं. गिटारीचं पोट आतून पोकळ होतं. ती स्पीकरच्या खोक्याला टेकवून ठेवली की स्पीकरच्या थरथरीनं तिच्या तारा आपोआप हलायच्या, आणि तोच आवाज फिरून स्पीकरमधून यायचा. एक जाड सूर, न थांबणारा. वर घड्याळ चालू, त्यामुळे तो सूर उघडमिट करत राहायचा. वा-ऊ, वा-ऊ.

“चहा करताना मी हिला अशीच गात ठेवतो,” ते म्हणाले. “पाणी उकळेपर्यंत खोली रिकामी वाटत नाही.”

ते ऐकून इसोकेन काहीतरी म्हणणार होती. पण इफुएकोनं तेवढ्यात चटईचं टोक तोंडात घातलं, आणि ती तिकडे धावली.

जानेवारीत वाळवंटाकडून येणारा हरमातानचा कोरडा वारा सुटला. सगळ्या गल्लीवर पिठासारखी धूळ. ओठ फुटले, कपडे दोरीवरच मळायला लागले, आणि इफुएकोला कोरडा खोकला लागला. इसोकेननं खिडक्यांना ओली फडकी लावली, दाराच्या फटीत कपडा कोंबला आणि पोरीला घेऊन आत बसली. दार उघडलं की धूळ येते, म्हणून दारच उघडायचं नाही. अकारा हवा असेल तर खिडकीतून हाक.

त्या गुरुवारी सकाळी सात वाजता अभिवादन झालं नाही.

इसोकेनच्या ते लक्षात आलं. तिच्या सगळं लक्षात यायचं. ती भिंतीकडे बघत राहिली. पण रात्रभर खोकलेली इफुएको नुकती झोपली होती, तिच्या छातीवरच. उठलं तर ती जागी झाली असती. आणि सव्वासातच्या सुमाराला पलीकडे काहीतरी पडल्यासारखं वाजलं, आणि त्याच्या मागोमाग गिटार. वा-ऊ, वा-ऊ, वा-ऊ.

उठले, तिच्या मनात आलं. ती तशीच बसल्या बसल्या डोळे मिटून पडली.

नऊ वाजता ममा पेशन्सनं खिडकीवर टकटक केली. हातात कागदात गुंडाळलेले अकारा. “हे घे. आणि तो तुझा म्हातारा आज नाही आला गं. रोज पाच घेतो, तीन खातो, दोन मलाच परत देतो, गार झाले म्हणून.”

“वाजवतायत ना,” इसोकेन म्हणाली. “ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“ऐकू येतंय. कान किटले. सकाळपासून एकच. नवीन गाणं बसवतोय की स्पीकरवर राग काढतोय?”

“थंडीनं बोटं आखडली असतील. एवढंच जमत असेल.”

“मग बोटांना म्हणावं, थोडा आराम करा, आम्हालाही करू द्या,” म्हणत ममा पेशन्स आपल्या कढईकडे गेली.

दुपारी फोनवर ओमोसेदेचा निरोप आला. पप्पा फोन उचलत नाहीयेत, दोनदा केला, ठीक आहेत ना?

भिंतीपलीकडे चालूच होतं. इसोकेननं एक क्षण दाराकडे पाहिलं. फटीतला कपडा काढायचा, दार उघडायचं, धूळ आत, पोरगी पाठीशी बांधायची, पुन्हा खोकला. मग तिनं भिंतीजवळ जाऊन फोन धरला आणि वीस सेकंदांचा आवाज टिपून पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘हे ऐका. सकाळपासून मैफल चालली आहे. फोन कुठून ऐकू येणार?’

लगेच उत्तर आलं. हात जोडलेलं एक चित्र, एक हसरा चेहरा. ‘देवाची कृपा. तुझेही उपकार.’

इसोकेनला बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटलं. तिनं इफुएकोच्या नाकाखाली बोट धरलं आणि थोडा वेळ स्वतःही लवंडली.

चारच्या सुमाराला लाईट गेली. पंखा गरगरत थांबला. ममा पेशन्सचा रेडिओ मध्येच गिळल्यासारखा झाला, आणि भिंतीपलीकडचा सूरही.

इतकी शांतता तिला सकाळपासून मिळाली नव्हती. तिला हायसं वाटलं, आणि मग हळूहळू वाटेनासं झालं. कारण लाईट गेली की पांचं ठरलेलं असायचं. एकदा, खूप वर्षांपूर्वी, लाईट परत येताना नेहमीपेक्षा जोरात आली होती आणि त्यांचा उसनवारीनं घेतलेला स्पीकर जळाला होता. ते पैसे फेडायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून लाईट गेली रे गेली की ते प्लगच उपसून काढायचे. कुणाचं ‘गेली!’ असं ओरडून व्हायच्या आत भिंतीपलीकडे खाट्ट वाजायचं. मग खुर्ची ओढत बाहेर यायचे, आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पडवीत बसायचे. ममा पेशन्स त्यात भर घालायची.

आज खाट्ट झालं नाही. खुर्चीही वाजली नाही.

झोप लागली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. इतका वेळ वाजवलं, दमले असतील. ती इफुएकोला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत राहिली. दोन वेळा भिंतीला कान लावला. विटेचा गारवा लागला, बाकी काही नाही.

सव्वापाच वाजता लाईट आली. सगळ्या गल्लीतून पोरांचा एकच ओरडा उठला, “आली! आली!” पंखा फिरायला लागला, रेडिओवरचा माणूस अर्ध्या वाक्यातून बोलू लागला. भिंतीपलीकडे स्पीकर धप्पकन वाजला, आणि पंख्याची पाती एकमेकांत मिसळायच्या आत तो सूर पुन्हा वर आला.

वा-ऊ. वा-ऊ. वा-ऊ.

इसोकेन होती तिथेच थिजली. लाईटबरोबर पंखा सुरू होतो, रेडिओ सुरू होतो. माणूस होत नाही. माणसाला कळायला वेळ लागतो, उठायला, खुर्चीत बसायला, गिटार मांडीवर घ्यायला. आणि प्लग तर त्यांनी काढलेलाच नव्हता. पा ऐग्बेंनी प्लग काढला नव्हता.

भुताला निदान ताल चुकवता येतो. सकाळपासून एकदाही चुकला नव्हता.

तिनं दारातला कपडा पायानं लाथाडला. पाठीशी बांधायला वेळ नव्हता, इफुएकोला तशीच काखेत धरली. “पा! पा ऐग्बे!” दाराला आतून कडी. ती हातानं, मग पायानं दार बडवायला लागली. “ममा पेशन्स! अहो लवकर या! दार!”

ममा पेशन्स कढईतला झारा हातात घेऊनच आली. “काय झालं? वाजवतोय ना तो!”

“ते नाही वाजवत! ते नाहीयेत वाजवत!”

ममा पेशन्सनं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. झाऱ्याच्या दांड्यानं तिनं खिडकीच्या काचेच्या दोन पट्ट्या फोडल्या, जाळी फाडली, हात आत घालून कडी काढली. तिच्या मनगटातून रक्त आलं, ते तिला रात्रीपर्यंत कळलं नाही.

पा ऐग्बे पलंग आणि स्पीकरच्या मध्ये कुशीवर पडले होते. शेजारी चहाचं भांडं उपडं, सांडलेलं पाणी कधीच वाळून गेलेलं. त्यांच्या धक्क्यानं कलंडलेली गिटार खोक्याला टेकलेली, तिची जाड तार एकटीच थरथरत होती, आणि जमिनीवर डबीचा लाल दिवा तालावर उघडत मिटत होता. पांचं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. पण डोळे उघडे होते. एका डोळ्यानं त्यांनी दाराकडे पाहिलं.

इसोकेन गुडघ्यांवर बसली. तिनं काय करावं? रोज दिवसातून तीस वेळा करते तेच केलं. त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास उबदार, खूप हळू, पण होता.

मग तिनं हात लांब करून प्लग उपसला. खाट्ट.

तेवढ्यानं सगळं गप्प झालं. सकाळपासून त्या खोलीत जे काही होतं ते एकदम बाहेर निघून गेल्यासारखं. आणि त्या शांततेत पांच्या घशातून एक आवाज आला, मिटलेल्या ओठांचा. इफुएकोनं तो ऐकला आणि त्यांच्याकडे बघत, उघड्या तोंडाची वाट बघत राहिली.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, इसोकेनच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, “ठीक असताना शेवटचं केव्हा पाहिलं?”

“पाहिलं बुधवारी,” इसोकेन म्हणाली. “गुरुवारी ऐकलं.”

“म्हणजे बोलले ते?”

“नाही.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. “पहिल्या दोन-तीन तासांत आणलं असतं तर हाताचं काही करता आलं असतं,” त्या म्हणाल्या. “निदान प्रयत्न तरी.” त्या कुणाला दोष देत नव्हत्या. आवाजातही नव्हता. नुसती माहिती होती ती.

चौथ्या दिवशी ओमोसेदे आली. इसोकेननं मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, पण तिला पडवीत पाहिल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, “ताई, मी तुम्हाला पाठवलं ते…”

“माहीत आहे,” ओमोसेदे म्हणाली. “ममा पेशन्सनं सांगितलं.”

“पुसून टाका ना तो आवाज.”

“नाही पुसवत.” ओमोसेदेनं फोन हातात उलटासुलटा केला. “त्या दुपारी कामावर मी तो सगळ्यांना ऐकवला गं. तिथल्या म्हाताऱ्यांनाही. म्हटलं, हे माझे पप्पा. एक आजोबा टाळ्या वाजवत होते.”

ओमोसेदे ओरडली असती, काही फेकलं असतं, तर इसोकेनला सोपं गेलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. जाताना पुन्हा तिचे दोन्ही हात धरले, आणि या वेळी काही सांगितलं मात्र नाही.

आता पा ऐग्बे आपल्या खोलीत परत आले आहेत. बोलता येत नाही, उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असतो. दुपारी त्यांची एक भाची येते, जेवण भरवते, अंथरूण बदलते, चार वाजता जाते. सकाळी आणि संध्याकाळी इसोकेन जाते. दार उघडते, आत जाते, नाकाखाली बोट धरते. पहिल्यांदा पांनी रागानं मान फिरवली होती. आता फिरवत नाहीत. एकदा त्यांनी डाव्या हातानं तिचं बोट पकडून इफुएकोच्या नाकाखाली नेऊन धरलं, आणि अर्ध्या तोंडानं हसले.

मागच्या महिन्यात त्यांनी डोळ्यांनी डबीकडे खूण केली. इसोकेनला वाटलं, काढून टाक म्हणतायत. तिनं उचलली तर ते नाही म्हणून मान हलवायला लागले. त्यांची नजर खटक्यावर होती, मग तिला समजलं. तिनं खटका ‘घड्याळा’वरून काढून ‘हात’वर आणला आणि तो तिथून हलू नये म्हणून वर चिकटपट्टीचे चार पदर गुंडाळले. गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, प्लग लावला. ते डाव्या हाताच्या बोटांनी तारा पट्टीवर नुसत्या दाबायला लागले, टकटक, छेडायला दुसरा हातच नव्हता. त्यातून येणारा आवाज इतका बारीक की स्पीकरजवळ कान न्यावा लागे.

तीन सूर. मिटलेल्या ओठांचे. इफुएकोच्या बापाच्या घराण्याचं अभिवादन. चौथ्या सुराला त्यांनी सगळा जोर लावला, कपाळावर शीर आली. ऊ. तोंड उघडलं नाही.

इफुएको आता उभी राहायला लागली आहे. तिनं पलंगाची कड धरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते उघडत नाही म्हटल्यावर स्वतःच तोंड उघडलं. “वा!”

तेव्हापासून रोज सकाळी तसंच चालतं. तीन सूर त्यांचे, एक तिचा.

पण नोसाला कंपनीनं पोर्ट हारकोर्टला घर दिलं आहे. वर्षभर अर्ज करून करून मिळालेलं घर, नाही म्हणता येत नाही. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला सामान जायचं आहे. इसोकेन खोकी भरते आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघते. ममा पेशन्स म्हणाली, “मी आहे ना, जा तू निर्धास्त.” ती आहे, पण तिची कढई फाटकाशी, आणि पांचा आवाज आता फाटकापर्यंत पोचत नाही. नवा भाडेकरू कोण येतो, त्याला गिटार आवडते की नाही, तेही माहीत नाही.

म्हणून ती भेटेल त्याला विचारते, दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला, लस टोचणाऱ्या परिचारिकेला. तुम्हालाही विचारते. तुम्ही कधी एकेनवान रोडनं जात असाल तर आतल्या गल्लीत वळाल का? हिरवं फाटक, पडवीतली शेवटची खोली. दाराला आतून कडी घालायची नाही असं आता ठरलं आहे. आतून काही वाजत असेल तर थांबून ऐकू नका, आणि वाजत नसेल तरी थांबू नका. दार ढकला, आत जा, त्यांच्याजवळ बसा, आणि नाकाखाली बोट धरून बघा. ते रागावणार नाहीत.